वन्सं ऊर्फ बंसा दीदी

वन्सं, सोसायटीच्या फळ्यावर तुमची बातमी लावली तेव्हा तुमचं खरं नाव लिहिलं होतं. शालिनी, पुढे वडिलांचं नाव, पुढे आडनाव. शोकसभा संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये. संध्याकाळी हॉलमध्ये मी होते, सतरंज्या अंथरणारा चौकीदार होता आणि हार घातलेला तुमचा फोटो होता. बाकी कोणी नाही. तुम्हाला हॉस्पिटलमधून थेट स्मशानात नेलं होतं, त्यामुळे आपल्या बिल्डिंगला काही कळलंच नव्हतं.

मग तिवारी भाभी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टकडे जाताना डोकावल्या. त्या सकाळीच रीवाहून परतल्या होत्या. त्यांनी फोटो बघितला आणि पिशवी दारातच खाली ठेवली.

"ये तो बंसा दीदी हैं," त्या म्हणाल्या. "बोर्ड पर तो किन्हीं शालिनी जी का नाम लिखा है. हम समझे कोई किराएदार होंगी."

त्या रडल्या, पण आधी त्यांनी चौकीदाराला पिटाळलं. फळ्यावरचं नाव पुसून 'बंसा दीदी' लिहिलं गेलं, भाभींनी चार फोन फिरवले आणि मग माणसं येतच राहिली. सतरंज्या पुरल्या नाहीत, खुर्च्या आणाव्या लागल्या. बरखेड्याहून तुमचे जुने विद्यार्थी आले, त्यांतले काही आता आजोबा झालेत. एकाने मला विचारलं, "मैडम का असली नाम शालिनी था?" मी म्हटलं, "हाँ." तो म्हणाला, "अजीब लग रहा है." मलाही लागत होतं.

तुम्ही असतात तर हे प्रकरण तुम्हाला फार आवडलं असतं, आणि मला ते निदान आठवडाभर ऐकावं लागलं असतं.

मी लग्न होऊन इथे हिंदी मुलखात, बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा ते घर तुमचं होतं. धाकट्या भावाला कारखान्यात नोकरी लागली, त्याच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून तुम्ही वाईहून आलात, टाउनशिपच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलात आणि राहिलात. मी नागपूरची. आमच्याकडे नणंदेला ताई म्हणतात, नाहीतर बाई. पण निघताना माझ्या आईने बजावलं होतं, "ते पुण्या-वाईकडचे लोक आहेत. तिकडे वन्सं म्हणतात. ताई-बिई म्हणून माझं नाक कापू नको." मी पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलं, "वन्सं, चहा ठेवू का?"

तुम्ही वळून माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी नऊवारी नेसून पालखीतून उतरले आहे.

"वन्सं? अगं, हा आमच्या आजीच्या वेळचा शब्द. तू कुठून उचललास?"

"आईने सांगितलं."

"तिला कोणी सांगितलं?"

"ते मी विचारलं नाही."

"विचारावं," तुम्ही म्हणालात. "शब्द घरात घेताना तो कुठून आला ते विचारावं."

"चहा ठेवू का?" मी परत विचारलं.

आपला पुढचा सगळा संसार या दोन वाक्यांवर चालला. तुम्ही विचारत राहिलात की शब्द कुठून आला, आणि मी विचारत राहिले की पुढे काय करायचं.

ताई म्हण, असं तुम्ही नंतर सांगितलंत. पण तोवर कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या तिवारी भाभींच्या कानांवर 'वन्सं' पडलं होतं. नणंद हे नातं आणि वन्सं ही हाक, हे त्यांना कसं कळणार? त्यांना वाटलं नाव. 'व'चा 'ब' त्यांच्याकडे सहज होतो. महिनाभरात दूधवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळे तुम्हाला बंसा म्हणायला लागले. मी भाभींना समजवायला निघाले, तर तुम्ही मला हाताला धरून थांबवलंत.

"दुरुस्त करू नकोस. गोऱ्या साहेबाने खाट ऐकली आणि कॉट म्हटलं. डोकं दाबून घेताना 'चांपो' ऐकलं आणि शाम्पू म्हटलं. तेव्हा कोणी त्याला दुरुस्त केलं नाही, म्हणून आज सगळं जग शाम्पू लावतं. ऐकण्यातली चूक टिकली की तिला शब्द म्हणतात, माधवी."

मला तेव्हा वाटलं की ही बाई जरा विक्षिप्त आहे. ते मत मी पुढेही फारसं बदललं नाही.

मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये लागले त्याला निम्मं कारण तुम्ही होतात. घरात बसून दोन बायकांनी एक कणीक मळू नये, असं तुम्हीच तुमच्या भावाला सुनावलंत. माझं काम म्हणजे हातमोजे, बूट, डांगऱ्या कामगारांना वाटायच्या. डांगरी म्हणजे तो निळा, जाड कापडाचा, अंगभर घालायचा कामाचा पोशाख. एकदा डांगऱ्यांचा अख्खा लॉट खराब निघाला. काखेतच शिवण उसवत होती आणि शॉपमधले, म्हणजे मशीनवरचे, लोक माझ्या टेबलावर येऊन ओरडत होते. घरी येऊन मी तुम्हाला हे सांगत होते. तुम्ही भाजी ढवळायची थांबलात.

"डांगरी म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

"रोज वाटते मी त्या."

"तसं नाही. मुंबईला डोंगरी आहे ना, तिथे एक जाडंभरडं, स्वस्त कापड विकलं जायचं. त्याला म्हणायचे डोंगरी कापड. खलाशी तेच घ्यायचे. इंग्रजांनी शब्द उचलला, डंगरी केला, जगभर फिरवला, आणि आता तुमच्या कारखान्यात तो साहेब होऊन परत आलाय. शॉपमधल्या माणसाला वाटतं की आपण विलायती पोशाख घातलाय. तो आपला डोंगरीचा, आणि कोणी त्याला ओळखत नाही."

"आणि काखेत उसवतो त्याचं काय?"

"त्याला व्युत्पत्तीत उत्तर नाही," तुम्ही म्हणालात आणि भाजी लागली म्हणून माझ्यावरच डाफरलात.

तुमचा भाऊ या सगळ्यात पंच नव्हे, प्रेक्षक असायचा. शनिवारी तो एक पेग घ्यायचा, तेही खिडकीचा पडदा ओढून. अल्कोहोल हा शब्द अरबी 'कुहल'वरून आला, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा, हे तुम्ही त्याला सांगितलंत. बारीक वस्त्रगाळ पूड, मग कोणत्याही वस्तूचं शुद्ध सत्त्व, मग दारू, असा तो प्रवास. ते ऐकून तो म्हणाला, "म्हणजे शनिवारी मी डोळ्यांची काळजी घेतो." त्यानंतर आपल्या घरात दारूला सुरमाच म्हटलं गेलं. तिवारी भाभी एकदा माझ्याकडे खरंच सुरमा मागायला आल्या होत्या, तुमच्या भावाने घरी चांगला सुरमा आणलाय असं त्यांनी ऐकलं होतं. तुम्ही तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत पळालात. त्यांना काय सांगायचं ते मलाच निस्तरावं लागलं.

आणि ते मुंगूस. क्वार्टरच्या मागच्या गटारात मुंगूस शिरलं, तिवारी भाभी काठी घेऊन धावल्या आणि "नेवला, नेवला" करून त्यांनी गल्ली गोळा केली. तुम्ही पायरीवर उभ्या राहून त्यांना शांतपणे सांगितलंत की इंग्रज लोक याला जे म्हणतात ते आमच्या मराठीतून घेतलेलं आहे.

"अच्छा," भाभी म्हणाल्या. "तो आप लोगों का नेवला अंग्रेज ले गए?"

"शब्द ले गए. नेवला यहीं है, आपकी नाली में."

"तो दीदी, शब्द रहने दीजिए, इसको ले जाने वाला कोई बताइए."

त्या दिवशी मी मनातून भाभींच्या बाजूला होते. मी त्यांच्याच बाजूला असायचे. शब्द चालतो ना, समोरच्याला कळतो ना, मग झालं, हे माझं म्हणणं. वापर महत्त्वाचा. तुमचं म्हणणं की मूळ माहीत असल्याशिवाय वापरणं म्हणजे मूठ कुठली आणि पातं कुठलं हे न बघता सुरी धरणं. मी म्हणायचे की मी रोज सुरी वापरते, माझं बोट अजून कापलेलं नाही. तुम्ही म्हणायच्या, "तुला कळलेलं नाही, एवढंच." हा वाद चहाबरोबर व्हायचा. त्यात रोज काही नवं नसायचं, आणि चहा मात्र रोज नवा लागायचा.

एकदाच मला तुमच्या एका शब्दाने गप्प केलं. तुम्ही मासिक चाळत होतात, वर न बघता म्हणालात, "माधवी, तू मॅगझिनमध्ये काम करतेस." मी म्हटलं, मी स्टोअर्समध्ये काम करते. "तेच. अरबीत मखज़न म्हणजे कोठार. त्याचंच इंग्रजीत मॅगझिन झालं. आधी मालाचं कोठार, मग माहितीचं. आपला खजिना त्याच घरातला." मग चष्मा काढून म्हणालात, "लोक तुला हातमोजे वाटणारी बाई म्हणत असतील. तू खजिनदार आहेस." मी उठून कुकर बंद केला. त्याच्या शिट्ट्या अजून व्हायच्या होत्या. ते भात कच्चा राहिल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल, पण तुम्ही तो तसाच जेवलात.

तुमचा भाऊ गेला तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. ते त्याच्या नावावर होतं. आपला कोलार रोडचा फ्लॅट तयार होता, तिवारी भाभींनीही त्याच बिल्डिंगमध्ये घेतला होता, त्यामुळे मला अडचण दिसत नव्हती. अडचण पुण्याहून आली. भाऊजी, म्हणजे तुमचे थोरले भाऊ, दिवसांना आले होते. जायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "शालूला आता आम्ही नेतो. माधवीवर तिचा भार कशाला? ज्याच्यामुळे नातं होतं तोच गेला."

त्यात चूक काही नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. नणंद-भावजय हे नातं मधल्या माणसावर टांगलेलं असतं, आणि मधला माणूस नव्हता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, "वन्संना जसं बरं वाटेल तसं." तुम्ही शब्दकोश बॅगेत भरलात. कपडे त्याच्यानंतर.

तुम्ही तिथे काय केलंत ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, तेही तुम्ही परत आल्यावर. भाच्या तुमच्या बोलण्याला हसायच्या. तुम्ही "लाइट चालली गेली" म्हणालात, "मला झोप येऊन राहिली" म्हणालात. हे दुसरं तर माझं, नागपूरचं. इतकी वर्षं तुम्ही मला त्यावरून टोकलंत आणि कधी उचललंत ते तुमचं तुम्हालाही कळलं नाही. मग तो किराणा दुकानदार. तुम्ही त्याच्याकडे धनिया मागितलात, जिरं मागितलंत, पाच मिनिटं गप्पा मारल्यात, आणि पैसे घेताना तो कौतुकाने म्हणाला, "मराठी छान बोलता हो तुम्ही. मूळच्या कुठल्या?"

वाईपासून दोन-तीन तासांवर, वाईच्या बाईला.

ही गोष्ट तुम्ही मला हसत सांगितलीत. मी हसले नाही, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "अगं, डांगरी झाली माझी." आणि विषय बदललात.

परत आलात त्या दिवशी मी फ्लॉवर निवडत होते. बेल वाजली, दारात तुम्ही, ती कोशाची बॅग आणि एक रिक्षावाला, जो म्हणत होता की माताजींनी स्टेशनपासून इथपर्यंत त्याला रिक्षा शब्द जपानी आहे हे पटवलं. मी विचारलं, "काय झालं?"

"तिथे सगळे फार शुद्ध बोलतात. डोकं दुखतं माझं."

मी दोन कप चहा ठेवला. त्यापुढे मी काही विचारलं नाही आणि तुम्ही काही सांगितलं नाहीत. तिवारी भाभींनी मात्र विचारलं, मला, जिन्यात: "बंसा दीदी अब यहीं रहेंगी?" मी म्हटलं, "और कहाँ रहेंगी?" पण खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं की तुम्ही का आलात. तिथे जमलं नाही म्हणून, की इथे यायचं होतं म्हणून. या दोन्हींत फरक आहे. एकात मी सोय होते. मला सोय असण्याची लाज वाटत नाही, जन्मभर मी लोकांची सोयच बघितली. फक्त कोणतं ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. ती चांगली होती हे मला तेव्हाही कळत होतं, आता कळलं असं नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहायची, आपण दोघी वाल्व बंद करायला जायचो आणि तुम्ही दर वेळी तिथे टॅंक या शब्दावर अडायच्या. एक कोश म्हणतो तो आपल्याकडचा, गुजराती-मराठीतला, आपल्या किल्ल्यांवरची टाकी तीच. दुसरा म्हणतो पोर्तुगीजांचा. मी म्हणायचे, एक काहीतरी ठरवा आणि पाणी वाचवा. तुम्ही म्हणायच्या, "ठरत नसेल तर ठरत नाही असं लिहावं. खोटं मूळ चिकटवण्यापेक्षा ते बरं." तो वाद तसाच राहिलाय. माझं मत आहे की टाकी आपली. तुमच्या गैरहजेरीत मी ते पक्कं करून टाकत नाही, एवढं तुमच्यासाठी.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुपारी तुम्ही शुद्धीवर होतात आणि नर्सला त्रास देत होतात. ती म्हणाली, "दादी, कॉट से मत उतरिए." तुम्ही तिला म्हणालात, "खाट बोल बेटा, तेरी अपनी चीज़ है." ती बिचारी केरळची होती. तिने मान डोलावली आणि सलाइन बदललं. ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात.

"माधवी, तू मला कधी विचारलं नाहीस."

"काय?"

"मी परत का आले ते."

"त्यात विचारायचं काय? आलात, बरं झालं."

तुम्ही डोळे मिटून हसलात. "तुझं हे असंच. चालतो ना, मग झालं."

मग डॉक्टर राउंडला आले, मला बाहेर जायला सांगितलं. मी परत आत आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती, आणि ती मोडली नाही. लोक म्हणतील की मी तेव्हा विचारायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. मी विचारलं असतं तर तुम्ही उत्तराच्या आधी 'परत' या शब्दापासून सुरुवात केली असतीत, आणि डॉक्टर तरीही आलेच असते. मला एवढं पुरे आहे की उत्तर तुमच्याकडे होतं आणि ते तुम्हाला मला द्यायचं होतं. तिथे जमलं नाही, एवढंच असतं तर ते तुम्ही कधीच सांगून टाकलं असतंत, किराणा दुकानदारासारखं, हसत.

अग्नी मी दिला. पंडितजींनी विचारलं, "आप इनकी कौन लगती हैं?" मी म्हटलं, भाभी. ते जरा घुटमळले, आजूबाजूला एखादा पुरुष शोधला, मग मंत्र म्हणायला लागले.

आता अस्थी. कलश स्मशानाच्या ऑफिसात ठेवला आहे, लाल कपडा बांधून. याबद्दल तुम्ही कधी काही सांगून ठेवलं नाहीत. मी एकदा विषय काढला होता तर म्हणालात की मेल्यावर व्याकरण लागत नाही. छान वाक्य होतं, पण आज त्याचा उपयोग नाही. भाऊजींचे गुडघे गेलेत, ते लगेच येऊ शकले नाहीत. काल त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता. माणूस वाईट नाही, धाकटी दोन भावंडं गेली त्यांची.

"माधवी, मी रविवारी पोचतो. अस्थी घेऊन येतो इकडे. वाईला कृष्णेत सोडू, घाटावर. ती लहानपणी तिथेच पोहायला शिकली."

"भाऊजी, मी त्या होशंगाबादला न्यायच्या म्हणते. नर्मदेत."

 मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, ती मूळची इकडची. तुम्ही सगळे तिकडे नोकरीसाठी गेलेले. तिथे तिचं काय आहे?"

मी तेव्हा हॉलमधून वर आणलेल्या खुर्च्यांवर कोणाकोणाच्या फ्लॅटचे नंबर आहेत ते बघत होते, परत करायच्या होत्या. शोकसभेला त्या हॉलच्या दारापर्यंत लागल्या होत्या.

"मूळ तिकडचंच आहे भाऊजी," मी म्हटलं. "त्यात वाद नाही. वापर इकडचा."

 भाऊजी म्हणाले, "बरं. मग मीही तुझ्याबरोबर नर्मदेवर येतो." मी म्हटलं, "या. स्वेटर आणा, इथे गारठा आहे."

वन्सं, इतक्या वर्षांत या वादात मी पहिल्यांदाच जिंकले. भाऊजींना उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं.